वहिनी, तुझा तो 'मॉर्टिफाइड'

वहिनी,

परवा तुझी तेरवी झाली. आल्यागेल्या प्रत्येकाने तुला 'बिचारी' म्हटलं. 'साधी होती बिचारी. कोनाच्या घेन्यात ना देन्यात.' मी दारापाशी बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. माणूस गेलं की त्याला असं घासून गुळगुळीत करायची एवढी घाई का असते लोकांना? तू साधी नव्हतीस. तू हट्टी होतीस, तोंडाने तिखट होतीस आणि एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं न ऐकणारी होतीस. पंचवीस वर्षांत मला तुझा किती वेळा राग आला असेल, त्याची गणती नाही. पण तो राग टाकून देऊन त्याच्या जागी हे 'बिचारी' मी ठेवून घेणार नाही.

हे मराठीत लिहितेय, चुका होतील. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, पोट इंग्रजी शिकवून भरतं आणि मराठी आली ती फक्त आईच्या तोंडून. घरात तूच एकटी मराठीत दहावी झालेली. तुमसरकडच्या खेड्यातून लग्न होऊन बालाघाटला आलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि तुझी हिंदी ऐकून ओढणी तोंडाला लावून हसायचे. आठवतं? शेजारच्या बाई कौतुकाने सांगत होत्या, 'हमारी गुड़िया की शिक्षा पूरी हो गई.' तू घाबरून विचारलंस, 'काहून? का गुन्हा केलता तिनं?' त्या दिवशी सगळ्यात जास्त तूच हसली होतीस. नंतर आठवडाभर भांडी घासताना मधेच आठवून हसायचीस. स्वतःवर हसायला तुला कधी कमीपणा वाटला नाही. कुणी आपल्यासोबत हसणं आणि कुणी आपल्यावर हसणं यातला फरक मात्र तुला बरोबर कळायचा. मला तो कळायला फार वर्षं लागली.

पालकसभेच्या त्या शनिवारबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही, म्हणून आज बोलते.

तुझी पल्लवी सहावीत होती. मी त्याच शाळेत शिकवत होते. तू तुमची पिठाची चक्की बंद करून, केसांतलं पीठ धुऊन, जांभळी साडी नेसून आलीस. वर्गशिक्षिका नव्या होत्या आणि पालकांशी इंग्रजीतच बोलायचं हा शाळेचा नियम अगदी मनावर घेतलेल्या. त्यांनी गुणपत्रिकेवर बोट ठेवून सांगितलं, 'पल्लवी इज व्हेरी पुअर इन इंग्लिश.' तुला त्यातला एकच शब्द नीट कळला. तू ताठ झालीस.

'गरीब काहे को, मॅडम? तीन एकड़ धान है हमारा. खुद की आटाचक्की है. पूछ लो, ये मेरी ननद यहीं पढ़ाती है.'

आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे हात केलास.

आधी एक डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांच्या मागची रांग. मग वर्गशिक्षिका, तोंडावर रुमाल धरून. तू एकेकाकडे बघत होतीस, काय चुकलं ते शोधत. शेवटी माझ्याकडे बघितलंस. आणि वहिनी, मी हसले. आपोआप आलं नव्हतं ते हसू. मी ते मुद्दाम आणलं. त्या खोलीतल्या लोकांना कळावं म्हणून की मी त्यांच्यातली आहे, तुझ्यातली नाही. पल्लवी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तू तिचा हात धरलास तर तिने सोडवून घेतला.

संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. मी चहा ठेवला. तू पाटावर बसलीस आणि सरळ विचारलंस, 'वंदाबाई, इंग्रजीत त्याले काय म्हनतात?'

'कशाले?'

'मानसाले वाटते ना, का आता जमीन फाटावं अन् आपुन अंदर जावं. थे.'

मी म्हटलं, 'एम्बॅरस्ड.'

तू तो शब्द तोंडात घोळवून बघितलास. 'नाई. हा लहान वाटून राह्यला. याच्याहून मोठा नाई का?'

मी दुसरं काही न सुचून सांगितलं, 'मॉर्टिफाइड. त्याच्या मुळात मरन हाय. शरमेनं मेल्यासारखं.'

'हौ,' तू म्हणालीस. 'हाच.'

पल्लवीच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तू तो देवनागरीत लिहून घेतलास, चार वेळा मोठ्याने म्हटलास, चहा पिऊन कप विसळून ठेवलास आणि गेलीस. मी हसले होते त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मीही नाही. मला वाटलं, बरं झालं, विसरली.

तू काय विसरतेस! दुसऱ्या आठवड्यापासून तो शब्द तुझ्या तोंडून सुटेना. भाजीत मीठ जास्त पडलं, 'मी तं मॉर्टिफाइड झाली.' पाहुण्यांसमोर गॅस संपला, मॉर्टिफाइड. दादा वारासिवनीच्या राइस मिलमधून परत येताना बसमधून उतरला आणि त्याचा पाय सरळ शेणात गेला, 'थे बी मॉर्टिफाइड, अन् त्याहिची चप्पल बी.' चक्कीवर गहू घेऊन बसलेल्या बायकांनी तो तुझ्याकडून उचलला. एकीने नवऱ्याशी भांडताना वापरला. वर्षभरात आपल्या गल्लीत हा शब्द असा चालायला लागला की जणू इथल्याच बाजारातला.

आणि मला, इंग्रजीच्या मास्तरणीला, ते सहन होईना. मी तुला दहा वेळा समजावलं. 'वहिनी, हा जड शब्द हाय. चपाती करपली म्हनून कोनी मॉर्टिफाइड होत नाई.'

'काहून नाई होत? तुमची करपली नसन कधी सासूच्या समोर.'

'तवा एम्बॅरस्ड म्हनावं.'

'लाज मोठी होती, तं शब्द लहान काहून लावू? तुमाले कसं मालूम माझी लाज किती मोठी होती?'

आज कबूल करते. पुढे कधीतरी मी एका परदेशी बाईंचं भाषण ऐकलं. चहा सांडला, कुणाचं नाव विसरलं, कपड्याचं लेबल बाहेर राहिलं, एवढ्यातेवढ्यासाठी त्या 'मॉर्टिफाइड' म्हणत होत्या. मग शोधून पाहिलं. ज्यांची ती भाषा आहे ते लोक रोजच्या बोलण्यात तो शब्द अगदी तुझ्यासारखाच वापरतात. मी पुस्तकातून शिकले होते, तू लाजेतून शिकली होतीस आणि तुझं बरोबर निघालं. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. उलट त्यानंतरही तुला टोकत राहिले. तुझं एक बरोबर म्हटलं असतं तर मग त्या शनिवारचंही बोलावं लागलं असतं.

त्या पालकसभेच्याच वर्षी तू माझ्याकडे शिकायला यायला लागलीस. दुपारी दोन ते तीन, चक्कीला गिऱ्हाईक नसायचं तेव्हा. तू काही गुणी विद्यार्थिनी नव्हतीस. व्याकरण आलं की जांभया. 'मले हे पास्ट टेन्स नोको, मले भांडन करता आलं पायजे,' म्हणायचीस. क्रियापदाचे काळ तुझ्याकडून शेवटपर्यंत सुधारले नाहीत. पण भीती नावाची गोष्ट तुला शिवली नाही. बँकेत, तहसिलीत, औषधाच्या दुकानात, जिथे कुणी इंग्रजीत दोन शब्द टाकून तुला गप्प करायला बघायचं, तिथे तू चार शब्द परत टाकायचीस, मोडके असले तरी. मी बरोबर असले की दुसऱ्या बाजूला बघायचे.

मग पल्लवी अकरावीत असताना वार्षिक उत्सवात एका पालकाने दोन शब्द बोलायचे ठरले. दरवर्षी वकील नाहीतर डॉक्टर बोलायचे. त्या वर्षी तू स्वतः जाऊन नाव देऊन आलीस. मला कळलं तेव्हा मी भर दुपारी, उन्हातून, तुझ्या चक्कीवर आले.

'वहिनी, नाव वापस घे. स्टेजचं संचालन माह्याकडे हाय. मले लाज वाटन.'

तू हातातला डबा खाली ठेवलास. मग म्हणालीस, 'तुमाले वाटन. मले नाई वाटनार.'

तू स्टेजवर आलीस ती माईक दोन्ही हातांनी धरून. मी बाजूला उभी होते, हातात कार्यक्रमाचा कागद. तुझं ते भाषण मला आजही पाठ आहे, आणि मी त्यातली एकही चूक सुधारणार नाही.

'गुड मॉर्निंग. आय ॲम पल्लवी मदर. फाइव्ह इयर बिफोर मॅडम सेड, युवर डॉटर इज पुअर. आय सेड, नो मॅडम, वुई हॅव थ्री एकर पॅडी. एव्हरीबडी लाफ. माय सिस्टर-इन-लॉ ऑल्सो लाफ. शी इज इंग्लिश टीचर हिअर.'

मंडपात हसू उठलं. तू थांबलीस, ते संपेपर्यंत.

'आय वॉज मॉर्टिफाइड. व्हेरी व्हेरी मॉर्टिफाइड. बट आय डिड नॉट डाय. आय केम टुमारो अगेन. नाऊ आय नो पुअर हॅज टू मीनिंग. यू ऑल ऑल्सो लर्न समथिंग. थँक यू.'

टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांनी वाजवल्या असं नाही. काही जण अजून हसतच होते, हे मला खोटं सांगायचं नाही. मागच्या बाजूला, जिथे परसवाड्याकडच्या खेड्यांतून आलेले आईबाप उभे होते, तिथून मात्र एक शिट्टी आली. तू पायऱ्या उतरलीस, साडीचा काठ पायात आला, सावरलीस, पल्लवीच्या शेजारी जाऊन बसलीस आणि तिचा हात धरलास. पल्लवीने तुझ्याकडे बघितलं नाही. पण हातही सोडवून घेतला नाही.

मी उरलेला कार्यक्रम कसा केला ते माझं मला माहीत. नंतर तुला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. 'चार लोकात माहं नाव काहून घेतलं?'

'नाव कुठी घेतलं? सिस्टर-इन-लॉ म्हनलं.'

'तुह्या किती ननदा इंग्रजी शिकवतेत इथं?'

'मंग तुमी हसल्या नव्हत्या का?'

एवढंच विचारलंस. आवाजही चढवला नाहीस. मी उत्तर न देता निघून गेले आणि तीन महिने तुझ्या दारात पाऊल ठेवलं नाही. दिवाळीही तशीच गेली. शेवटी एका दुपारी तूच वही घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसलीस. 'रागावल्या तं रागावा. पन माहा धडा राह्यला.' मी वही उघडली. माफी मागायची ती वेळ होती. मी तुला विशेषणं शिकवली.

दुसरी वेळ आली ती गोंदियाच्या दवाखान्यात. पोटातली गाठ तोवर हाताबाहेर गेली होती आणि ते तुला आमच्या आधी कळलं होतं. एका सकाळी नर्स तुझं अंग पुसत होती आणि पडदा उघडाच होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक समोर उभे. एक तरुण डॉक्टर कागद बघत आले. मी खाली मान घातली, आता काय बोलायचं म्हणून. तू अंगात उरलेल्या सगळ्या ताकदीने म्हणालीस, 'डॉक्टर. क्लोज द कर्टन. देन टॉक.' डॉक्टरांनी दचकून स्वतः पडदा ओढला, सॉरी म्हटलं. नर्सही वरमली. तू डोळे मिटून घेतलेस आणि मला म्हणालीस, 'तुमी काहून खाली पायता? लाज त्याहिले वाटाले पायजे.'

नर्स गेल्यावर मी तुझे केस विंचरले. फार थोडे राहिले होते. मी म्हटलं, 'वहिनी, त्या दिवशी सभेत मी...'

'पानी द्या,' तू म्हणालीस.

मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि झोपलीस. तुला ऐकायचं नव्हतं की खरंच तहान लागली होती, हे मला आता कोण सांगणार? पंधरा दिवसांनी तू गेलीस. मला कुणी समजावू नये की तिला सगळं कळलं होतं. कळलं असेलही. कळणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं. ते तुझं होतं, तुला मिळायला हवं होतं, आणि मी ते दिलं नाही.

म्हणून परवा मी गप्प बसले नाही. जेवणं आटोपली होती. किरनापूरच्या काकू पान लावत बसल्या होत्या. त्यांनी सुरू केलं, 'दुर्पताची थे इंग्रजी आठवते का? थ्री एकर पॅडी! आपल्याच लोकाईचं हसं करून घेतलं बिचारीनं.' बायका हसल्या, प्रेमानेच हसल्या. दादा मान खाली घालून बसला होता. पल्लवी कोपऱ्यात ताटं उचलत होती. तिचे हात थांबले.

मी उठून उभी राहिले.

'काकू, हसं तिनं नाई केलं. हसं आमी केलं. मी तिथं होती. मले मालूम होतं पुअर म्हंजे काय, मी एका वाक्यात सांगू शकत होती. मी सांगतलं नाई. मी हसली, साऱ्याईसंगं. माह्या भावाच्या बायकोवर, माह्याच शाळेत. अन् तिनं ते स्टेजवर चढून खरं खरं सांगतलं तं मीच तिच्यावर रागावली. तिची माफी मी मांगतली नाई. थे जिती होती तोवर मांगतली नाई. आता साऱ्याईसमोर सांगून राह्यली. अन् हो, थे साधी नव्हती. बिचारी तं बिलकुल नव्हती.'

काकू म्हणाल्या, 'अवो, मेल्या मानसाच्या घरी असं बोलाची काय गरज होती?' एकदोन जणींनी मान हलवली. दादा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला.

नंतर मागच्या अंगणात पल्लवी माझ्याजवळ आली. ताटं घासून तिचे हात राखेने काळे झाले होते. तुला ठाऊकच आहे, तिला मराठी कळते, पण मनातलं येतं ते हिंदीत. म्हणाली, 'आत्या, आप हँसी, वो तो मम्मी ने सबको बता दिया. मैंने हाथ छुड़ाया था, वो उन्होंने कभी किसी को नहीं बताया. स्टेज पर भी नहीं.'

मला तिला 'तू तेव्हा लहान होतीस' असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तू म्हटलं असतंस का, कोण जाणे. मी तिच्याजवळ बसले आणि दोघींनी मिळून उरलेली ताटं घासली.

वहिनी, सगळे सांगतात, आता तिला शांती मिळाली. मला तुझ्यासाठी शांती मागवत नाही. तू शांत असशील तर ते तुझ्या स्वभावाविरुद्ध जबरदस्तीने झालेलं असेल. जिथे असशील तिथे कुणाशी तरी शब्दावरून वाद घाल. माझ्याकडून म्हणशील तर आभार मानायचे आहेत, आणि तेही भांडूनच. तुझ्यामुळे मला या वयात समजलं की मी बावीस वर्षं शाळेत जी भाषा शिकवली, तिच्या आड मी लपतही होते. हे समजायला तू मरायला नको होतीस. एवढं मोठं कारण लागावं इतकी मी ठोंब आहे, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त संताप आहे.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. घरात काल ठरलं होतं की चक्की विकून टाकायची. काकूंचंच म्हणणं, की बी.एस्सी. झालेली पोरगी पीठ दळत बसली तर चांगलं स्थळ येणार नाही. दादा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आज साडेसातला मी आले तर शटर वर होतं. पल्लवीने ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती, मशीन सुरू केलं होतं आणि पहिल्या बाईचे गहू ओतत होती. तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

काकू पिशवी घेऊन किरनापूरच्या बससाठी निघाल्या होत्या. दारात थबकल्या. 'पोरी, अवो लाज नाई वाटत? लोक का म्हनतीन?'

पल्लवीने गहू ओतणं थांबवलं नाही. कानामागे हात धरून मोठ्याने म्हणाली, 'आजी, जोर से बोलो! चक्की चालू है, कुछ सुनाई नहीं देता!'

काकू पुन्हा बोलल्या. पल्लवीने पुन्हा कानामागे हात धरला.

वहिनी, तिला पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं.